अंतर आणि अवधी

जबलपूर मुंबईपासून किती दूर आहे, ह्या साध्या प्रश्नास खमरियात राहणाऱ्या मराठी माणसाकडून निदान तीन उत्तरे मिळतात. विमानाचा हिशेब करणारा सुमारे ८७० किलोमीटर असे सांगतो. आगगाडीने जाणारा ९९० सांगतो. आणि घरून आजारपणाचा निरोप आला असला तर तोच माणूस किलोमीटर साफ विसरतो व ‘एक रात्र आणि वर अर्धा दिवस’ एवढेच म्हणतो. तिन्ही उत्तरे खरी आहेत. परंतु ती एकाच प्रश्नाची उत्तरे नव्हेत, हे आमच्यासारख्या प्रवासभत्त्याची देयके तपासण्यात हयात घालविणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. जुने कागद आणि जुनी वेळापत्रके चाळताना आम्हांस असे दिसून आले की, ह्या दोन गावांमधला अवधी गेल्या दोन शतकांत जो घटत गेला, तो प्रथम टपालासाठी घटला. माणसाची पाळी मागाहून आली, आणि पुष्कळदा फारच मागाहून आली.

पहिल्यांदा त्या ८७० किलोमीटरांचे पाहू. डुमना आणि सांताक्रूझ ह्या दोन विमानतळांमधली ही सरळ रेघ होय. म्हणजे पृथ्वीच्या गोलावर ताणून धरलेली दोरी. तिची लांबी पायांनी मोजलेली नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असले की ती गणिताने काढता येते. तथापि ते अक्षांश-रेखांश खात्रीचे व्हावेत आणि पृथ्वीचा आकार नेमका कळावा म्हणून कोणीतरी आधी साखळी हाती घेऊन उन्हातान्हात जमीन मोजलेली आहे. कर्नल विल्यम लॅम्बटन ह्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटच्या पायथ्याशी आपली पहिली पायारेषा मोजली. साडेसात मैलांची ती रेषा मोजावयास जवळजवळ दोन महिने लागले. ज्या टेकडीपाशी हे काम झाले तिच्या शेजारीच आज मद्रासचे, म्हणजे चेन्नईचे, मीनंबाक्कम विमानतळ आहे. साडेसात मैल ओलांडावयास तेथून उठलेल्या विमानास दोन मिनिटेही पुरतात. त्या पायारेषेवरून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत लॅम्बटन उत्तरेकडे सरकत राहिला, आणि वीस वर्षांनी, २० जानेवारी १८२३ रोजी, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. नागपूरहून चंद्रपुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येक त्या गावावरून शेकडो वेळा गेले असतील, पण तेथे उतरून ती कबर पाहिलेला मराठी मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. लॅम्बटनचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेले, आणि ह्या मोजणीच्या आधारे त्याने १८३० मध्ये ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारावर हिंदुस्थानचे नकाशे शतकाहून अधिक काळ काढले गेले.

विमानवाले मात्र किलोमीटर मोजीत नाहीत. त्यांचा मैल सागरी, १,८५२ मीटरांचा. रेखावृत्तावरच्या एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक सागरी मैल. त्या मापाने मुंबई आम्हांपासून ४७० मैलांवर येते. कोस गेले, मैल गेले, किलोमीटर आले, तरी आकाशात अजून मैलच चालतो, ही गंमत आहे.

कोसांच्या काळी सरळ रेघेला कोणी विचारीत नसे. जबलपुराशी आमचा, म्हणजे मराठी माणसांचा, संबंध नोकरीने आला अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या हाती पडला. त्या तीन-साडेतीन तपांत पुण्याचा वा नागपूरचा जो कारकून इकडे नेमला जाई त्याचे अंतर मुक्कामांत मोजले जाई. दिवसाला आठ कोसांची मजल धरली तर पुण्याहून येथवर चाळीस मुक्काम पडावेत. तेही पावसाळा टाळून, कारण तापी आणि नर्मदा भरून वाहू लागल्या की अंतराला मापच राहत नसे. घोडेस्वार आणि जासूद ह्याहून पुष्कळ वेगाने जात. पण त्या वेगालाही मर्यादा होती. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. नानासाहेब पेशवे त्या वेळी नर्मदा ओलांडून उत्तरेकडे निघाले होते, आणि भेलशाजवळ एका सावकारी पत्रातून त्यांस पहिली निश्चित वार्ता समजली ती २४ तारखेस. पानिपत ते भेलसे हे अंतर सरळ रेघेत साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. ज्या बातमीवर एका राज्याचे भवितव्य अवलंबून होते तिलाही दहा दिवस लागले, आणि ती सरकारी डाकेच्या आधी सावकाराच्या डाकेने पोहोचली, हे विसरण्याजोगे नाही.

इंग्रजी अमलात रेल्वे आली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, हे शाळेतली मुलेही जाणतात. परंतु जबलपूर कोणत्या क्षणी मुंबईस जोडले गेले आणि त्यापूर्वीची तीन वर्षे कशी गेली, हे प्रकरण मौजेचे आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची एक शाखा नागपूरपर्यंत येऊन थांबली, आणि त्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेची अलाहाबादहून निघालेली शाखा जबलपूरपर्यंत येऊन थांबली. मुंबईहून नागपूरपर्यंत रूळ; जबलपूरहून कलकत्त्यापर्यंत रूळ; आणि मधे सातपुडा. ह्या मधल्या तुकड्यात मुंबई-कलकत्ता टपाल घोड्यांच्या डाकगाडीने सिवनीवरून नेले जाई. आजचा हिशेब केला तर नागपूर ते जबलपूर ही सरळ रेघ जेमतेम २५५ किलोमीटरांची आहे. परंतु हिंदुस्थानच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणाऱ्या एवढ्या लांब प्रवासाची खरी परीक्षा ह्या थोडक्या टप्प्यातच होती. बाविसशे किलोमीटरांच्या घरातला मार्ग, आणि घोडी बदलावयाची ती नेमकी आमच्या दारात!

रुळांचा सांधा अखेर जुळला तो भुसावळ-खांडवा-इटारसीच्या मार्गाने. ७ मार्च १८७० रोजी जबलपूर येथे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांच्या उपस्थितीत दोन्ही कंपन्यांचे मार्ग जोडले गेले, आणि मुंबई-कलकत्ता अखंड लोहमार्ग सुरू झाला. ह्याची कीर्ती थेट फ्रान्सात पोहोचली. ज्यूल व्हर्नच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाने आपल्या हिशेबात मुंबई ते कलकत्ता ह्या प्रवासास तीन दिवस धरले होते, ते ह्याच मार्गाच्या भरवशावर. कादंबरीकाराने मात्र रूळ वाटेत अपुरे असल्याचे दाखवून नायकास हत्तीवर बसविले आहे. प्रत्यक्षात कादंबरी निघण्यापूर्वीच रूळ पुरे झाले होते आणि जी खरी खिंड होती तेथे हत्ती नव्हे, डाकेची घोडी धावत होती.

ह्या जुळणीने आणखी एक पेच उभा केला. मुंबईचे घड्याळ वेगळे आणि कलकत्त्याचे वेगळे; दोहोंत तासाभराहून अधिक तफावत. मग एका मार्गावरच्या गाड्यांनी कोणाची वेळ पाळावी? रेल्वेने मधला मार्ग म्हणून मद्रासची वेळ पत्करली. आता नकाशा काढून पाहावे: जबलपूर आणि मद्रास जवळजवळ एकाच रेखांशावर, ऐंशीच्या, आहेत. म्हणजे देशभरच्या गाड्या ज्या वेळेने धावू लागल्या ती योगायोगाने आमच्या जबलपूरच्या सूर्याची वेळ होती, जेमतेम मिनिटाचा काय तो फरक! पुढे १९०६ पासून हिंदी प्रमाणवेळ आली. मुंबईने आपली जुनी वेळ, ३९ मिनिटे मागची, त्यानंतरही पुष्कळ वर्षे हट्टाने जपली. आज दोन्हीकडे घड्याळ एकच आहे. पण सूर्य मुंबईस आमच्याहून २९ मिनिटे उशिरा मावळतो, आणि सायंकाळी घरी फोन लावला की येथे दिवे लागलेले असतात व तिकडे अंगणात अजून ऊन असते.

रेल्वेचे अंतर आज ९९० किलोमीटर आणि अवधी पंधरा-सोळा तास. हे मुंबईचे झाले. नागपूरकरांची गोष्ट निराळी. २५५ किलोमीटरांवरचे आपले गाव गाठण्यास त्यांस इटारसीपर्यंत पश्चिमेस जाऊन मग दक्षिणेस वळावे लागे. एकूण ५४० किलोमीटर, म्हणजे सरळ रेघेच्या दुपटीहून अधिक. दुसरा पर्याय विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या गोंदिया-नैनपूर-जबलपूर ह्या अरुंद मार्गाचा. ती सातपुड्याची छोटी गाडी ज्यांनी अनुभविली आहे त्यांच्यापुढे तिची मंद गती वर्णन करण्याची आवश्यकता नाही. तो मार्ग आता ब्रॉडगेज झाला आहे. रुंद रुळांसाठी जबलपूर-नागपूरच्या माणसास शंभराहून अधिक वर्षे थांबावे लागले. टपालाच्या घोड्यांनी हीच वाट १८६७ सालीच पकडली होती.

विमानाच्या बाबतीत तर हा क्रम उघडच दिसतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके नावाच्या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुना ओलांडून नैनीपर्यंत सुमारे दहा किलोमीटर उड्डाण केले. त्याच्याजवळ साडेसहा हजार पत्रे होती. अधिकृत हवाई टपालाचा जगातला हा पहिला प्रसंग मानतात. जबलपूरहून अलाहाबादेस, आजच्या प्रयागराजास, जाणारी गाडी नैनीवरूनच जाते. तेथे गाडी थांबली म्हणजे आम्ही खिडकीतून उगीचच आकाशाकडे पाहतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस विमान आणले तेव्हाही आत टपालच होते. जुहूहून ते नेव्हिल व्हिन्सेंटने बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. ह्या इवल्याशा विमानांत प्रवासी असलाच तर टपालाच्या थैल्यांच्या कृपेने.

परंतु टपाल, विमान आणि मराठी मुलूख ह्यांची खरी गाठ पडली ती १९४९ मध्ये, नागपुरास. रफी अहमद किडवाई त्या वेळी दळणवळण मंत्री होते. त्या वर्षीच्या जानेवारीअखेर रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. तिची रचना पोस्टातल्या एखाद्या हुशार छाननी-कारकुनाला सुचावी इतकी सोपी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरत. थैल्यांची व प्रवाशांची अदलाबदल होई. आणि मग प्रत्येक विमान आपापल्या गावी पहाटे परत जाई. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र सकाळी कलकत्त्याच्या पोस्टात! त्याच वर्षी १ एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय शक्य तेथे विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली, त्यामुळे साध्या तिकिटाचे पत्रही आकाशमार्गाने जाऊ लागले.

आता ह्यातला अंतराचा भाग पाहण्याजोगा आहे. नागपूर मध्यावर आहे असे आपण म्हणतो, आणि १९०७ चा शून्य मैलाचा दगडही त्याची साक्ष म्हणून दाखवितो. पण चार बाहूंची लांबी काही सारखी नाही. मुंबई सरळ रेघेत ६८० किलोमीटरांवर, दिल्ली साडेआठशेवर, मद्रास नऊशेवर आणि कलकत्ता तर हजाराला जेमतेम पंधरा कमी. ह्या कामावर प्रथम आलेल्या डाकोटा विमानाचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. तेव्हा मुंबईच्या विमानास अडीच तास पुरत असतील तर कलकत्त्याच्या विमानास साडेतीन तासांहून अधिक लागणार. चौघांनी एकाच सुमारास उतरावयाचे तर निघण्याच्या वेळा वेगवेगळ्या हव्यात, आणि एकाला वाऱ्याने वा धुक्याने उशीर झाला की चारही दिशांचे टपाल खोळंबणार. अंतर विमान तोडीत होते. अवधी मात्र सोनेगावच्या धावपट्टीवर, थैल्या मोजणाऱ्यांच्या हाती होता. आपल्या बांधवांपैकी किती जणांनी त्या मध्यरात्री तेथे काढल्या असतील! हे काम निर्धोकही नव्हते. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासकडे निघालेले विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले आणि तेरा जण दगावले. तरीही सेवा चालू राहिली. पुढे मोठी आणि वेगवान विमाने आली, महानगरांना थेट जोडू लागली, आणि १९७३ मध्ये नागपूरची ही मध्यरात्रीची भेट बंद झाली. जबलपूर त्या चारही रेघांच्या बाहेरच राहिले. देशाच्या टपालाचा मध्य आमच्यापासून २५५ किलोमीटरांवर होता, तरीही.

खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धाचा, १९४२ च्या सुमाराचा. शहरातला तोफगाड्यांचा कारखाना त्याहून जुना, १९०४ चा. खडकी, वरणगाव, अंबाझरी, भंडारा येथल्या भावंड कारखान्यांतून बदल्या होऊन येथे आलेल्या मराठी कुटुंबांच्या आता तिसऱ्या पिढ्या नांदत आहेत. डुमना विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पत्त्यांस पोस्ट खमरिया असे लिहावे लागते, एवढे विमान आम्हांस जवळचे आहे. नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले, आणि त्याच दिवशी पुण्याच्या व कोल्हापूरच्याही. येथून मुंबईची सरळ सेवा जेव्हा जेव्हा असते तेव्हा पावणेदोन तासांत मनुष्य मुंबईस उतरतो. ही उड्डाणे वाढतात, घटतात, कधी बंदही पडतात. त्यांच्या वेळापत्रकावर लग्नाचा मुहूर्त ठरवू नये असे येथले अनुभवी लोक सांगतात. पण पावणेदोन तास हा विमानाचा अवधी झाला. आमच्यातल्या रत्नागिरीकडच्या एखाद्या गृहस्थाचा हिशेब करून पाहा. विमानतळावर दोन तास आधी, मग पावणेदोन तास आकाशात, तास-दीड तास सामान घेऊन शहराबाहेर पडण्यात, आणि त्यापुढे घाटावळणांतून आठ-नऊ तासांचा रस्ता. आकाशातला भाग म्हणजे एकूण अवधीचा सातवा हिस्साही नाही. सिवनीच्या रस्त्यावर घोडी बदलण्यात जो वेळ जाई, तोच आता पनवेलच्या नाक्यावर जातो.

आणि कागद? जो अर्ज मुख्यालयास पोहोचण्यास पूर्वी आठवडा लागे तो आता निमिषात जातो. निर्मिती मंडळाचे मुख्यालय कलकत्त्यास होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ विसर्जित होऊन नव्या कंपन्या झाल्या, आणि खमरिया ज्या कंपनीत आले तिचे मुख्यालय पुण्यास आहे. आमच्या फायली आता रोज पुण्यास जाऊन येतात. त्यांस रजा लागत नाही.

घरच्या बातमीचेही तसेच झाले आहे. पूर्वी परमुलखातल्या मुलास वडिलांच्या देहावसानाचे पत्र मिळे तेव्हा तेरावा उलटून गेलेला असे. दुःख होई, परंतु धावपळीस जागा नसे. वार्ता आणि मनुष्य दोघेही एकाच वाटेने, जवळजवळ एकाच वेगाने जात. मग तार आली. तारेने बातमी काही तासांत पोहोचे, माणसास दोन दिवस लागत. १५ जुलै २०१३ पासून तारही बंद झाली, आणि आता फोन श्वास थांबण्यापूर्वीच वाजतो. मागे गावी मंडळी विचारतात, किती वाजेपर्यंत येता? थांबू का? आमच्यात देह फार वेळ ठेवीत नाहीत. दुपारी दोनला वार्ता आली तर सूर्यास्तापूर्वी कोकणात पोहोचविणारे विमान जबलपुरास नाही, कधी नव्हतेही. पण तेरा-चौदा तास थांबणे मंडळींच्या आवाक्यात आहे, आणि म्हणून प्रश्न विचारला जातो. पत्राच्या काळी तो कोणी विचारीतच नसे. ‘थांबू नका’ असे ज्याला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले आहे अशी माणसे खमरियाच्या प्रत्येक रांगेत आहेत. कारकुनाच्या श्रेणीस रजा-प्रवास सवलतीत विमानभाडे सहसा मिळत नाही, हा भाग वेगळा. अशा वेळी भाडे कोण पाहतो?

सरकारने अंतराचा विचार केलाच नाही असे मात्र नव्हे. बदलीच्या जागी रुजू होण्यासाठी जो अवधी मिळतो त्याचे १९७९ चे नियम आहेत. जुन्या आणि नव्या ठाण्यांमधले अंतर एक हजार किलोमीटर वा कमी असेल तर दहा दिवस. त्याहून अधिक असेल तर बारा. दोन हजारांहून अधिक असेल तर पंधरा, पण विमानाने गेल्यास बाराच. अंतर म्हणजे प्रत्यक्ष अंतर. घाटातल्या रुळांसाठी रेल्वे भाड्याकरिता जे वाढीव किलोमीटर धरते ते धरावयाचे नाहीत, असाही खुलासा त्यात आहे, आणि तो लिहिणाऱ्याने कसारा किंवा बोरघाट नक्की पाहिला असावा असे आम्हांस वाटते. ह्या नियमाने जबलपूर-मुंबईचे ९९० किलोमीटर हजाराच्या आत बसतात, म्हणून दहा दिवस. मनमाड-दौंडवरून पुणे मात्र हजाराच्या पलीकडे जाते, म्हणून बारा. विमानास विचाराल तर डुमन्याहून लोहगाव सुमारे ८१५ किलोमीटर, म्हणजे मुंबईहून पन्नासएक किलोमीटर जवळच.